तिसऱ्या अंकातलं पद

केशवापूर, हुबळी
४ ऑगस्ट २०२५

पाकिटावर तुमचं नाव आणि नारायणअण्णांच्या घरचा पत्ता लिहिला. मायन्यात काय लिहावं ते सुचलं नाही, तेव्हा तसंच सुरू करते.

फोन तुम्ही उचलत नाही. वहिनी उचलतात आणि तुम्ही झोपलाय म्हणून सांगतात. चिगरी बसने धारवाड फार लांब नाही, पण तुमच्या भावाच्या दारात येऊन उभं राहणं मला जमणार नाही. म्हणून पत्र. उत्तर कामापुरतं दिलंत तरी चालेल.

काम असं आहे. बी.ए.च्या मराठीला यंदा 'संगीत पुष्करध्वज' लावलंय. माझा वर्ग म्हणजे दोन बाक. त्यातली निम्मी मुलं कन्नड माध्यमातून आलेली. घरी मराठी बोलतात, पण ती आपली इथली. पहिल्या दिवशी नांदी वाचून दाखवली तर परशुराम म्हणून एक मुलगा आहे, त्याच्या वडिलांचं गॅरेज आहे, तो अगदी मनापासून म्हणाला, "मॅडम, हे मराठीच आहे का?" बाकीचे हसले. मलाही हसायला हवं होतं.

प्रिन्सिपॉल म्हणतात, पुढच्या वर्षी मुलं वाढली नाहीत तर मराठी बंद करावं लागेल. लोकांना दिसेल असं काही करा म्हणाले. तेव्हा डिसेंबरच्या संमेलनात या नाटकाचा एक अंक करायचं ठरवलं आहे. नुसतं वाचून त्यांना काही कळत नाही, उभं राहून म्हणतील तर कळेल, असं तुम्हीच नेहमी सांगायचात.

अंक तिसरा आहे. तो मी निवडलेला नाही. वर्गाने निवडला, मी हो म्हटलं.

तुम्ही हे नाटक इतक्यांदा बसवलंत, म्हणून दोन गोष्टी विचारते. दूताचं भाषण दोन पानांचं आहे, ते तुम्ही कधीच कापलं नाहीत. का? आणि राणीचं पद त्याचं बोलणं संपल्याबरोबर सुरू होतं, की मध्ये थोडं थांबायचं?

बाकी ठीक आहे. पाण्याची मोटर दुरुस्त करून घेतली. तुमचा पेन्शनचा कागद बँकेतून आला होता, तो नारायणअण्णांकडे पाठवलाय.

श्यामला


केशवापूर
२७ ऑगस्ट

उत्तर आलं नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला वर्गातच मिळालं, ते तुम्हाला कळवते.

मुलांना म्हटलं, पुस्तक मिटा. गोष्ट तुम्हाला माहीत आहे. राजपुत्र पुष्करध्वज लढाईत पडला. दूत ते सांगायला त्याच्या आईकडे, राणी मंदारवतीकडे आला. आता हेच तुम्ही तुमच्या घरात बोलता तसं बोलून दाखवा.

परशुराम दूत झाला. राणी आरुषी. ही मुलगी मागच्या बाकावर बसते, विचारल्याशिवाय बोलत नाही. परशुराम येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "स्वल्प पाणी मिळेल का?" तिने खोटंखोटं पाणी दिलं. ते तो प्यायला. मग ऊन किती आहे ते सांगितलं. रस्ता कसा खराब झालाय ते सांगितलं. मग म्हणाला, लढाई मोठी झाली, आमच्या बाजूने खूप माणसं होती, हत्ती होते. वर्ग हसत होता. आरुषी हसत नव्हती, ती नुसती त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि हळूहळू वर्गही गप्प झाला.

नंतर मी विचारलं, एवढं का लांबवलंस? तो म्हणाला, "लांबवलं नाही मॅडम. सांगायला होईना. मामा गेले तेव्हा मावशीला सांगायला मलाच पाठवलेलं. मी आधी तिच्याकडं बसून चहा प्यालो. बिस्कीट पण खाल्लं." मग त्याने पुस्तक उघडलं आणि ते दोन पानांचं भाषण वाचलं. हत्ती, रथ, धुळीने झाकलेला सूर्य. म्हणाला, "हा पण तेच करतोय की. सांगायचं टाळतोय."

इतकी वर्षं मी हे भाषण वीररसाचं उदाहरण म्हणून शिकवलं. परीक्षेत त्यावर प्रश्न काढले.

आपल्याकडे तो हवालदार आला होता, तुम्ही तेव्हा दाढी करत होतात. दार मी उघडलं. त्याने आधी विचारलं, घरात आणखी कोण आहे. मग गाडीचा नंबर वाचून दाखवला आणि ही तुमचीच का विचारलं. मग उणकलला तळ्याकडच्या रस्त्याचं काम चाललंय, तिथे टँकर फार येतात, असं काहीतरी तो सांगत राहिला. आपल्या श्रीवत्सचं नाव त्याने बऱ्याच वेळाने घेतलं. त्या माणसाचा मला तेव्हा राग आला होता, इतका वेळ लावला म्हणून. आता तो राग नाही.

परशुरामला भाषण पूर्ण करायला सांगितलंय. एक शब्दही कापणार नाही.

श्यामला


केशवापूर
१९ सप्टेंबर

पदाचं सांगायचं आहे.

मी वर्गात जुनी ध्वनिफीत लावली. तुम्ही बसवलेल्या प्रयोगाची नाही, दुसऱ्या कोणाची. जोगियातलं ते पद, आलापासकट. मुलांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग आरुषीने हात वर केला. म्हणाली, "मॅडम, असं कोण गातं?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. संगीत नाटकाचा तो संकेत असतो, मनातलं दुःख गाण्यातून येतं, वगैरे. ती म्हणाली, संकेत कळला. पण मंदारवतीला आत्ताच सांगितलंय ना? आत्ता तिच्या मनात दुःख कुठून असेल?

मग तिने सांगितलं. तिचे अप्पा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. ती शाळेत असताना दवाखान्यातच वारले. डॉक्टर बाहेर येऊन बोलले, आणि तिची आई, लक्कव्वा तिचं नाव, नर्सला म्हणाली, "त्यांच्या चपला कुठं आहेत? नव्या होत्या." सगळ्या वॉर्डात ती चपला शोधत फिरली. कॉटखाली वाकून बघितलं. आत्या रडत होत्या, काका रडत होते, आणि ही चपला शोधत होती. नंतर त्यांच्या गल्लीत बायका बोलायला लागल्या की हिला नवऱ्याचं काही नव्हतंच.

मी विचारलं, "मग आई कधी रडल्या?"

"आमच्यासमोर नाही," ती म्हणाली. "मला माहीत नाही, मॅडम."

तिचं म्हणणं, राणीला गाऊ द्यायचं नाही. राणीने विचारावं, त्याच्या मोजड्या कुठं आहेत. सगळ्या वर्गाला ते पटलं. मी ठीक आहे म्हटलं, फळा पुसला, तास संपायच्या आधीच बाहेर पडले आणि स्टाफरूममध्ये जाऊन बसले. तिथे कोणी नव्हतं.

तुम्हाला आठवत असेल. दवाखान्यात मी तुम्हाला विचारलं होतं, त्याचा डबा कुठाय. तुम्ही भिंतीला टेकून खाली बसला होतात. तुम्ही माझ्याकडे बघितलंत ते मला अजून दिसतं. नंतर नातेवाईक जमले तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "हिच्या डोळ्यात पाणी नाही, बघा. डबा मागत होती." नारायणअण्णांनी तुम्हाला धरून बाहेर नेलं. दिवस झाल्यावर तुम्ही त्यांच्याबरोबर धारवाडला गेलात, ते आठ दिवसांसाठी असं मी धरून चालले होते.

मी तेव्हा काही म्हटलं नाही कारण म्हणण्यासारखं काही नव्हतं. डोळ्यात पाणी नव्हतं हे खरंच होतं. अजूनही येत नाही. मी सकाळी उठते, पोळ्या करते, कोप्पीकर रोडवरून बस बदलून कॉलेजात जाते. लोक म्हणतात मी धीराची आहे. धीर असता तर मला कळला असता. डबा मी सकाळी त्याच्या हातात दिला होता. त्या घटकेला मला तो डबा सोडून जगातलं दुसरं काही दिसत नव्हतं. असं का, ते मला कोणाला सांगता आलं नाही, आणि एका एकोणीस वर्षांच्या मुलीने ते वर्गात उभं राहून सांगितलं, दुसऱ्याच बाईबद्दल.

हे पत्र आरुषीकडे टाकायला देते आहे. तिच्या वाटेवर पोस्ट आहे.

श्यामला


केशवापूर
२ नोव्हेंबर

मागचं पत्र तुम्हाला पोस्टाने मिळालं नाही हे तुम्हाला माहीत आहे. मला काल कळलं.

काल तालमीनंतर आरुषी थांबली आणि म्हणाली, मॅडम, रागवू नका. पाकिटावर तुमचं नाव वाचलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की वर्गात दाखवलेल्या जुन्या प्रयोगांच्या फोटोखाली हेच नाव आहे. तिने पत्र पोस्टात टाकलं नाही. चिगरीत बसून धारवाडला आली, विचारत विचारत मालमड्डीत नारायणअण्णांच्या घरी पोचली, आणि पत्र तुमच्या हातात देऊन म्हणाली, मला तिसऱ्या अंकातलं पद शिकायचंय.

मी म्हटलं, तुलाच तर ते नको होतं.

ती म्हणाली, काढून टाकायचं असेल तर आधी ते येत तरी पाहिजे ना. शिवाय नुसत्या मोजड्या विचारून पडदा पाडला की बघणाऱ्याला वाटेल, हिला काही झालंच नाही. गल्लीतल्या बायकांना वाटलं तसं. गाणं कुठेतरी पाहिजे, पण कुठे ते तिला अजून कळलेलं नाही.

त्या दिवसापासून दर रविवारी ती तुमच्याकडे येते, हे मला काल समजलं. तुम्ही पत्र तिच्यासमोर फोडलं नाहीत म्हणे. वहिनींनी तिला उप्पीट दिलं. तुम्ही पेटी काढलीत, ती कपाटावर ठेवलेली होती आणि तिचा भाता चिकटला होता. पहिला रविवार नुसता सा लावण्यात गेला. मी विचारलं, सर काही बोलतात का? "जास्त नाही. पण शिकवतात नीट." आणि एकदा तुम्ही तिला विचारलंत, मॅडम कशा असतात. ती म्हणाली, "वर्गात असतात तशाच असतात, सर."

मला राग आला नाही. आनंदही झाला असं नाही. तुम्ही पेटी काढलीत एवढं ऐकलं आणि मी तिला घरी जायला सांगितलं, उशीर होईल म्हणून. अजून ऊन होतं.

दुसरी गोष्ट. मराठी मंडळाचे लक्ष्मणराव तालीम बघायला आले होते. पोशाख आणि पडदे मंडळाचे आहेत, त्यांचा तो हक्क आहे. राणीने गाणं न म्हणता मोजड्या विचारल्या, तसे ते उठून उभे राहिले. म्हणाले, ही त्या नाटकाची विटंबना आहे. पद हाच या नाटकाचा प्राण आहे, पद नसेल तर मंडळाचं काही मिळणार नाही. आरुषी तिथेच उभी होती. तिच्याकडे बघून ते म्हणाले की ज्यांच्या घरात या नाटकांची परंपरा नाही त्यांना ते कळायचं नाही. कसली परंपरा, ते त्यांनी उघड म्हटलं नाही. सगळ्यांना कळलं. परशुराम पुढे झाला, त्याला मी हाताने मागे केलं. लक्ष्मणरावांना मी म्हटलं, या मुलीने नाटक माझ्यापेक्षा नीट वाचलंय. माझा आवाज चढला नाही. चढायला हवा होता, असं नंतर वाटलं.

जाताना ते तुमचं नाव घेऊन म्हणाले, वेंकटेशरावांना विचारतो, ते सांगतील तसं.

परवा त्यांचा फोन आला. तुम्ही त्यांना म्हणालात म्हणे, "मुलं करतायत तसं होऊ द्या. मी इतकी वर्षं ते पद चुकीच्या जागी घेतलं." पोशाख मिळतील असं त्यांनी सांगितलं आणि फोन ठेवला.

तुमचं एवढंच वाक्य मला मिळालं, तेही लक्ष्मणरावांच्या तोंडून. मी ते पुन्हा विचारून घेतलं. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही.

श्यामला


केशवापूर
१५ डिसेंबर

शनिवारी तुम्ही तिथे होतात, तरी सगळं लिहिते. तुम्ही त्या बाजूच्या विंगेत होतात, तुम्हाला प्रेक्षक दिसले नसतील. मला या बाजूच्या विंगेतून पडद्याच्या फटीतून दिसत होते.

हॉल भरला होता. पहिल्यांदा मुलं नेहमीसारखी शिट्ट्या मारत होती. परशुराम आला, त्याने पुस्तकातलं भाषण अक्षरही न बदलता म्हटलं. पण तो राणीकडे न बघता सारखा जमिनीकडे बघत होता, आणि हत्तींचं वर्णन आलं तेव्हा त्याचा आवाज जरा जास्तच मोठा झाला. शिट्ट्या थांबल्या. मागे कॉमर्सची मुलं बसली होती, त्यांना त्यातले अर्धे शब्द कळत नसतील. तरी तो टाळतोय हे त्यांना कळत होतं.

मग आरुषीने मोजड्या विचारल्या. दासी रडायला लागल्या, प्रधान रडायला लागला, आणि ती एकेकाला विचारत फिरली. कोणी हसेल अशी मला भीती होती. कोणी हसलं नाही.

लक्कव्वा आल्या होत्या, एका शाळेत त्या आया आहेत, काम संपवून तशाच आल्या. कडेच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी पदर नीट केला आणि पर्स मांडीवर धरून बघत राहिल्या. नंतर मला म्हणाल्या, "माझीच गोष्ट केली की पोरीनं. चपला मिळाल्या होत्या मॅडम, नंतर. धाकट्याला झाल्या त्या." एवढं सांगून त्या आरुषीचे कपडे आवरायला आत गेल्या.

पद कुठे घ्यायचं ते आरुषीने शेवटच्या आठवड्यात ठरवलं, ते तुम्हालाही माहीत होतं हे मला नंतर कळलं. सगळे निघून जातात, रंगमंच रिकामा राहतो, राणी एकटी. पेटी नाही, तबला नाही. तिने सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला अडली. विसरली का आवाज बसला, तिलाही सांगता येत नाही. माझ्या हातात पुस्तक होतं. ओळ समोर दिसत होती. सांगायचं काम माझं होतं. माझा ओठही हलला नाही. हॉल वाट बघत होता आणि मी ती ओळ नुसती वाचत बसले.

तेव्हा समोरच्या विंगेतून तुम्ही गायलात. हळू, फक्त तिला ऐकू जाईल इतकंच, पण मलाही ऐकू आलं. तुम्ही आला आहात हे मला तोवर माहीत नव्हतं. तुमचा आवाज खाली गेलाय, वरचा सूर कापला. आरुषीने ओळ उचलली आणि पद पुरं केलं. टाळ्या कधी झाल्या ते मला आठवत नाही.

कँटीनच्या बाकावर आपण चहा घेतला. मुलं येऊन तुमच्या पाया पडत होती, मध्येच परशुराम फोटो काढून गेला. सगळी मुलं गेल्यावर तुम्ही म्हणालात, "मला वाटायचं, तुला काही झालंच नाही."

मी म्हटलं, "मलाही तसंच वाटत होतं."

तुम्ही माफी मागितली नाहीत, ते बरं केलंत. मागितली असती तर मला काहीतरी म्हणावं लागलं असतं.

बसस्टॉपवर एक चिगरी तुम्ही जाऊ दिलीत. दुसरी दिसायला लागली तेव्हा विचारलंत, "घरी येऊ का?" मला उत्तर देता आलं नाही. नको म्हणायचं नव्हतं. बस आली, दारं उघडली, तुम्ही थोडं थांबलात आणि चढलात. मी हात केला की नाही ते आठवत नाही. केला नसेल.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हे पत्र लिहिते आहे.

आरुषीचं पद झालं, तुमचा आवाज ऐकला, घरी आले, दिवा लावला, स्वयंपाक केला. मला रडू आलं नाही. लोकांना वाटेल अशा वेळी येतंच. मी वाट बघितली. आलं नाही. तुम्ही घरी आलात म्हणजे येईल, असंही मी सांगू शकत नाही. कदाचित मला ते कधीच येणार नाही, आणि तुम्ही रोज समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिलात तर मला ते सहन होणार नाही. मी अशी आहे हे माहीत असून यायचं असेल, तर या.

दुपारच्या आधी या, उन्हात नको. जेवायला थांबते.

श्यामला